बुडबुडा २४० अंशांना नाहीसा झाला, म्हणून सोने २४० अंशांना साचले का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकातल्या हट्टीसारख्या ग्रीनस्टोन पट्ट्यातल्या (जुन्या, बदललेल्या ज्वालामुखी खडकांच्या पट्ट्यातल्या) क्वार्ट्झच्या शिरांचे नमुने आहेत. शिरेत आर्सेनोपायराइट (लोह-आर्सेनिकचे सल्फाइड), पायराइट आणि पिरोटाइट (लोहाची सल्फाइडे), थोडे स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) आणि कडेच्या खडकात क्लोराइट आहे. क्वार्ट्झमधल्या फ्लुइड इन्क्लुजन, म्हणजे स्फटिकात द्रव अडकलेल्या सूक्ष्म पोकळ्या, तापवल्यावर त्यातला बुडबुडा २२० ते २६० अंश सेल्सिअसला नाहीसा झाला. मग 'सोने सरासरी २४० अंशांना साचले' असे प्रबंधात लिहावे का, आणि दाब कसा काढावा?

तसे लिहू नये. कारणे तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीची आहेत. बुडबुडा नाहीसा होण्याचे तापमान, ज्याला प्रयोगशाळेत सगळे टीएच म्हणतात, ते द्रव अडकला त्या तापमानाची फक्त खालची मर्यादा असते. दुसरे असे की तुम्ही मोजलेल्या इन्क्लुजन सोन्याच्या वेळच्याच आहेत, हे अजून कुठे दाखवलेले नाही. आणि तिसरे, क्वार्ट्झ वाढला तेव्हाच सोने आले, हेही गृहीतच आहे. पहिल्या कारणावर आकडेमोडीने उपाय करता येतो. उरलेल्या दोन्हींवर सूक्ष्मदर्शकाशिवाय इलाज नाही, म्हणून सुरुवात तिथून करू.

शिरेचे पॉलिश केलेले काप परावर्तित प्रकाशात बघा आणि कोणते खनिज कशाला कापते, कशाच्या भेगेत भरते, कशाला वेढते हे आधी लिहून काढा. अशा शिरांत आर्सेनोपायराइटचे मोठे स्फटिक बहुधा आधीचे असतात; सोने कधी त्यांच्या आत थेंबासारखे दिसते, तर कधी त्यांच्या भेगांत भरलेले. आत असेल तर आर्सेनोपायराइटच्या रासायनिक घटनेवरून काढलेले तापमान (ते कसे काढायचे, ते पुढे) सोन्यालाही लागू करता येईल. भेगेत असेल तर लागू होणार नाही. दिसायला एवढीशी ही गोष्ट, पण पुढचे सगळे आकडे तिच्यावर उभे राहतात, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते.

आता इन्क्लुजन. काप दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला हवा. स्वच्छ क्वार्ट्झ असेल तर जाडी १०० ते १५० मायक्रॉन, दुधट असेल तर ६० ते ८०, नाहीतर आरपार काही दिसत नाही. कापताना हिऱ्याचे पाते हळू फिरवा आणि पाणी सोडत राहा. काचेवर चिकटवायला गरम करून लावायचा बाल्सम किंवा भट्टीत घट्ट होणारा इपॉक्सी वापरू नका. नमुना १०० अंशांपुढे गेला तर काही इन्क्लुजन ताणल्या जातात आणि मोजमाप सुरू होण्याआधीच बिघडते. साधा सुपरग्लू पुरतो. रात्रभर ॲसिटोनमध्ये ठेवला की काप सुटतो. ॲसिटोनमधून काढल्यावर तुकडा पुन्हा एकदा धुवा. चिकटाचा अंश राहिला तर स्टेज (सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तापवण्याची-गोठवण्याची बैठक) तापली की त्याचा धूर खिडकीवर बसतो. काप ३ ते ५ मिलिमीटरच्या तुकड्यांत मोडा आणि प्रत्येक तुकड्याचे आधी कमी, मग जास्त वर्धनाचे फोटो काढून नकाशा बनवा. नकाशाशिवाय स्टेजवर बसलात तर अर्ध्या तासात आपण कुठली इन्क्लुजन बघत होतो तेच कळेनासे होते.

नकाशावर इन्क्लुजन एकेकट्या मोजू नका, गट पाडा. स्फटिकाच्या वाढीच्या पट्ट्यात बसलेल्या त्या प्राथमिक. बुजलेल्या भेगेच्या रेषेत असून ती रेषा स्फटिकाची कड ओलांडून शेजारच्या कणात जात असेल तर दुय्यम. रेषा स्फटिकाच्या आतच थांबत असेल तर छद्म-दुय्यम, म्हणजे वाढ चालू असतानाच्या भेगेत अडकलेल्या. एकाच पट्ट्यातल्या किंवा एकाच रेषेतल्या इन्क्लुजन म्हणजे एक गट. गटातल्या ९० टक्के इन्क्लुजनचे टीएच १० ते १५ अंशांच्या आत येत असतील तर तो गट विश्वासाचा. पसारा ६० अंशांचा असेल तर त्या इन्क्लुजन नंतर गळल्या आहेत, ताणल्या गेल्या आहेत, किंवा एक लांबट इन्क्लुजन मध्येच आवळून तिच्या दोन झाल्या आहेत. आवळलेल्या जोडीत एकीकडे बुडबुडा मोठा, दुसरीकडे छोटा असतो. त्या दोघींची सरासरी कशाचीच नसते.

तुमच्या २२० ते २६० च्या इन्क्लुजन कुठल्या गटातल्या आहेत, ते प्रश्नात सांगितलेले नाही. अंदाज बांधायचा तर ग्रीनस्टोनमधल्या दाबल्या-चिरडल्या गेलेल्या क्वार्ट्झमध्ये निव्वळ पाणी-मीठ असलेल्या, रांगेत बसलेल्या इन्क्लुजन बहुतेक वेळा उशिराच्या भेगांतल्या असतात. अशा सोन्याच्या शिरांचा खरा द्रव पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि त्यात मीठ कमी असते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला पाण्यात द्रव कार्बन डायऑक्साइड आणि त्यात बुडबुडा, अशा तीन प्रावस्था दिसणाऱ्या इन्क्लुजन शोधा. त्या काळपट, लहान आणि संख्येने कमी असू शकतात. मोजायला सोप्या म्हणून नुसत्या पाण्याच्या इन्क्लुजन मोजल्या जातात, तिथेच गाडी रुळावरून घसरते.

स्टेजचे कॅलिब्रेशन तीन ठिकाणी करा: शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा वितळबिंदू −५६.६, बर्फाचा ०.० आणि शुद्ध पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४.१ अंश. यासाठी कृत्रिम इन्क्लुजनचे तयार तुकडे मिळतात. क्वार्ट्झमध्ये आधी गोठवून मोजा आणि मग तापवा, कारण कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्लुजन तापवताना फुटतात आणि फुटलेली परत गोठवून मोजता येत नाही. फ्लोराइट, कॅल्साइट, बॅराइट यांच्या बाबतीत क्रम उलटा. ही खनिजे मऊ. बर्फ होताना पाणी फुगते आणि पोकळी ताणते, मग टीएच उगीच वाढतो. तिथे तापवण्यासाठी एक तुकडा आणि गोठवण्यासाठी दुसरा, हे सर्वांत सुरक्षित.

गोठवताना पाणी शून्याला गोठत नाही. −३५ ते −४५ पर्यंत ते तसेच राहते आणि मग एकदम गोठते, तेव्हा घाबरू नका. वाचन घ्यायचे ते परत तापवताना, शेवटचा बर्फाचा कण विरघळतो तेव्हा, मिनिटाला अर्धा अंश किंवा त्याहून हळू. त्या क्षणी बुडबुडा दिसत असलाच पाहिजे. लहान इन्क्लुजनमध्ये गोठताना बुडबुडा दाबला जाऊन परत येत नाही, आणि बुडबुड्याशिवाय घेतलेले वाचन बाद. बर्फ शून्याच्या वर वितळताना दिसला, तर एकतर बुडबुडा हरवला आहे किंवा तुम्ही बर्फ समजून क्लॅथ्रेट (पाणी आणि वायू मिळून बनणारा बर्फासारखा घन पदार्थ) बघत आहात.

साध्या पाणी-मिठाच्या इन्क्लुजनसाठी क्षारतेचे सूत्र असे: गोठणबिंदू शून्याखाली जितके अंश उतरला त्याला ट म्हणा; क्षारता वजनी टक्क्यांत = १.७८ × ट − ०.०४४२ × ट चा वर्ग + ०.०००५५७ × ट चा घन. बर्फ −५.० ला वितळला तर ८.९० − १.१० + ०.०७, म्हणजे सुमारे ७.९ टक्के मीठ. हे सूत्र २३ टक्क्यांपर्यंतच चालते. पहिले पाझरणे, म्हणजे गोठलेली इन्क्लुजन तापवताना पहिला द्रव सुटणे, −५० अंशांच्या आसपास दिसले तर मिठासोबत कॅल्शियम क्लोराइड आहे, आणि मग आकड्यापुढे 'सममूल्य' (साध्या मिठाच्या हिशोबाने) लिहायला विसरू नका.

कार्बन डायऑक्साइड असेल तर हे सूत्र चालत नाही. गोठवताना बरेचसे पाणी क्लॅथ्रेटमध्ये बांधले जाते, उरलेल्यात मीठ दाटते आणि बर्फावरून क्षारता खोटी जास्त येते. तिथे क्लॅथ्रेट वितळण्याचे तापमान घ्यायचे. मीठ नसेल तर ते १० अंशांना वितळते. ८ अंश म्हणजे सुमारे ४ टक्के, ७ अंश म्हणजे सुमारे ५.८ टक्के. त्या वेळी द्रव आणि वायू दोन्ही रूपांत कार्बन डायऑक्साइड हजर हवा. घन कार्बन डायऑक्साइड −५६.६ ऐवजी −५८ ला वितळला तर त्यात मिथेन किंवा नायट्रोजन आहे, आणि मिथेन क्लॅथ्रेटचे तापमान वर ढकलतो. अशा वेळी रामन स्पेक्ट्रोमीटरवर (लेझरच्या प्रकाशाने रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर) पाच-सहा इन्क्लुजन तपासून घेणे खर्चाच्या मानाने फार उपयोगी.

आता दाब. इन्क्लुजन बंद झाली की तिचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, म्हणून ती तापमान-दाबाच्या आलेखावर एका रेषेवर असते. ही रेषा म्हणजे आयसोकोर. टीएच हे तिचे खालचे टोक. द्रव प्रत्यक्षात अडकला तो या रेषेवर कुठेतरी वर. कुठे, हे इन्क्लुजन एकटी सांगूच शकत नाही. कमी क्षारतेच्या आणि २४० ते २५० अंश टीएचच्या पाण्यासाठी रेषेचा चढ अंशाला साधारण १३ बार पडतो. म्हणजे दर १ किलोबार दाबामागे खरे तापमान टीएचपेक्षा सुमारे ७५ अंशांनी जास्त.

उदाहरण घ्या. टीएच २४० आणि आर्सेनोपायराइटवरून आलेले तापमान ३८० धरा. फरक १४०, गुणिले १३, म्हणजे १८२० बार. त्यात २४० अंशांच्या बाष्पदाबाचे ३०-३५ बार मिळवा. जवळपास १.८५ किलोबार. वर सगळा खडकच आहे असे मानले तर १ किलोबारला ३.८ किलोमीटर, म्हणजे खोली ७ किलोमीटर. आकडा देखणा आहे, पण आर्सेनोपायराइटच्या तापमानात ±५० अंश अनिश्चितता असते, तीच दाबात ±६५० बार आणि खोलीत ±२.५ किलोमीटर होऊन उतरते. आणि मुळात इन्क्लुजन दुय्यम असतील तर हे गणित म्हणजे आधीच्या खनिजाचे तापमान आणि नंतरच्या पाण्याची घनता यांचे जबरदस्तीचे लग्न आहे.

दाबदुरुस्ती लागत नाही असा एकच प्रसंग: द्रव उकळत असताना किंवा दोन द्रवांत फुटत असताना अडकला असेल तर. मग टीएच हेच अडकण्याचे तापमान. पण पुरावा कडक हवा. एकाच गटात द्रवाने भरलेल्या आणि वायूने भरलेल्या इन्क्लुजन हव्यात, दोन्ही एकाच तापमानाच्या आसपास एकजीव व्हायला हव्यात, एक द्रवात तर दुसरी वायूत. मधल्या प्रमाणाच्या इन्क्लुजनमध्ये दोन्ही द्रव मिसळून अडकलेले असतात. त्यांचे टीएच भलतेच जास्त येतात, ते टाकून द्या. एपिथर्मल, म्हणजे पृष्ठभागाजवळ बनलेल्या, शिरांत हे सुंदर जमते: २५० अंशांना शुद्ध पाणी ४० बारखाली उकळते, म्हणजे पाणपातळीखाली सुमारे साडेचारशे मीटर. तुमच्या ग्रीनस्टोनमध्ये पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होण्याचा पुरावा मिळू शकतो, शोधून बघा. मिळाला तर अर्धी लढाई जिंकली.

आर्सेनोपायराइटचे तापमान काढायचे तर तो पायराइट आणि पिरोटाइट दोन्हींना चिकटून, समतोलात वाढलेला हवा. सल्फरची क्रियाशीलता या दोघांमुळे बांधली जाते. नुसता पायराइट सोबत असेल तर एका आकड्याऐवजी तापमानाचा पट्टाच मिळतो. इलेक्ट्रॉन प्रोबवर (इलेक्ट्रॉनच्या झोताने खनिजाची रासायनिक घटना मोजणाऱ्या यंत्रावर) आर्सेनिक अॅटॉमिक टक्क्यांत, म्हणजे एकूण अणूंपैकी किती या हिशोबाने, काढा. एका अॅटॉमिक टक्क्याची चूक तापमानात ५० ते ६० अंशांची चूक करते, म्हणून तुलनेला रासायनिक घटना आधीच माहीत असलेला आर्सेनोपायराइटच वापरा. कोबाल्ट, निकेल आणि अँटिमनी मिळून १ वजनी टक्क्याच्या वर असतील तर तो बिंदू वगळा. गाभा ते कड अशी रांगेत बिंदूंची ओळ घ्या. पट्टे असतील तर कुठल्या पट्ट्याशेजारी सोने आहे तेच महत्त्वाचे. आर्सेनोपायराइट आणि पायराइट एकत्र साधारण ४९१ अंशांपर्यंतच टिकतात, त्यामुळे त्यापुढचा आकडा आला तर चूक आपली. ३०० च्या खालच्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

स्फॅलेराइटवरून दाब. हे तंत्र ऐकायला इतके सोपे आहे की त्याचा गैरवापरही तितकाच होतो. पायराइट आणि पिरोटाइट दोन्हींसोबत वाढलेल्या स्फॅलेराइटमधला लोह सल्फाइडचा वाटा सुमारे २५० ते ५५० अंशांत तापमानावर जवळजवळ अवलंबून नसतो, फक्त दाबावर असतो. सूत्र: दाब किलोबारमध्ये = ४२.३० − ३२.१० × लॉग (लोह सल्फाइडचा मोल टक्का). प्रोबवर जस्त ५८.० आणि लोह ८.० वजनी टक्के आले असे धरा. ८.० भागिले ५५.८५ म्हणजे ०.१४३, ५८.० भागिले ६५.३८ म्हणजे ०.८८७; वाटा १३.९ टक्के, दाब ५.६ किलोबार. लोह अर्धा टक्का जास्त आणि जस्त अर्धा टक्का कमी आले असते तर दाब ४.८ झाला असता. मँगनीज आणि कॅडमियम मोजून बेरजेत घ्या. चॅल्कोपायराइटचे बारीक ठिपके असलेला स्फॅलेराइट नको. पिरोटाइटच्या कडेपासून किमान २०-३० मायक्रॉन आत राहा, नाहीतर शेजारच्या लोहाची क्ष-किरणे मोजणीत घुसतात.

खरा धोका वेगळाच. पिरोटाइट थंड होताना बदलत राहतो आणि त्याला चिकटलेला स्फॅलेराइट त्याच्याबरोबर लोहाची देवाणघेवाण करतो. लोह गेले की दाब खोटा जास्त दिसतो. म्हणून सर्वांत भरवशाचा कण तो, जो पायराइटच्या पोटात कोंडला गेला आहे आणि ज्याच्या शेजारी पिरोटाइटचाही कण तसाच कोंडलेला आहे. असे कण दहा कापांत दोन-तीनच सापडतील, पण मोजायचे तेच.

तर तुमच्याकडे १.८५ किलोबार एका वाटेने आणि ५.६ दुसऱ्या वाटेने आले असे समजा. इथे सरासरी काढून ३.७ लिहिण्याचा मोह होतो. दोन्ही आकडे बरोबर असतील आणि वेगवेगळ्या काळाचे असतील: स्फॅलेराइट रूपांतरणाच्या (उष्णता-दाबाने खडक बदलण्याच्या) शिखराचे, इन्क्लुजन पट्टा वर येऊन भेगाळल्यानंतरच्या. किंवा स्फॅलेराइटने लोह गमावले असेल. कुठले खरे, ते कण कोंडलेला होता की उघडा, आणि इन्क्लुजन वाढीच्या पट्ट्यात होत्या की भेगेत, यावरून ठरते. नागपूर-भंडाऱ्याच्या सौसर समूहातल्या मँगनीजची गत हीच आहे. तिथले ब्राउनाइट (मँगनीजचे खनिज) आणि गोंडाइट या मँगनीजयुक्त खडकातले गार्नेट मोजले तर रूपांतरणाचे तापमान मिळते, मँगनीज मुळात समुद्रतळावर साचले त्याचे नाही.

क्लोराइट हा स्वस्तातला साक्षीदार, आणि साक्षही तशीच. १४ ऑक्सिजनवर काढलेले चतुष्फलकी (सिलिकॉनच्या जागी बसलेले) ॲल्युमिनियम १.२० असेल तर एका प्रचलित सूत्राने (३२१.९८ गुणून ६१.९२ वजा) ३२४ अंश येतात आणि त्याच लेखकाच्या आधीच्या सूत्राने (२१३.३ गुणून १७.५ अधिक) २७३. दोन्ही सूत्रे मुख्यतः मेक्सिकोच्या लोस आसुफ्रेस भूऔष्णिक क्षेत्रातल्या क्लोराइटवरून आली आहेत. आपल्या लोहयुक्त क्लोराइटला ती डोळे मिटून लावता येत नाहीत. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या ऑक्साइडांची बेरीज अर्ध्या टक्क्यावर गेली तर तो बिंदू शुद्ध क्लोराइटचा नाही. क्लोराइट बायोटाइटला खाऊन बनला असेल तर तो सोन्यानंतरचाही असू शकतो.

शिरेत गॅलेना (शिशाचे सल्फाइड) सापडला तर स्फॅलेराइट-गॅलेना जोडीचे सल्फर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या सल्फर अणूंचे प्रमाण, मोजून घ्या. केल्विनमधले तापमान म्हणजे ८५४ भागिले दोघांच्या या प्रमाणातल्या फरकाचे वर्गमूळ. फरक प्रतिहजार २.० असेल तर ३३१ अंश सेल्सिअस, २.२ असेल तर ३०३. खनिजे हाताने वेचताना एकात दुसरे मिसळले की फरक कमी होतो आणि तापमान फुगते. दोन वेगळ्या जोड्यांचे तापमान जुळले तरच समतोल होता म्हणा. कडेच्या खडकात काळे ग्रॅफाइटी पट्टे असतील तर त्यांचे रामन तापमान ३३० ते ६५० अंशांत ±५० ने मिळते, पण ते रूपांतरणाच्या शिखराचे असते. शिरेवर ते वरची मर्यादा म्हणून वापरता येते, तेही शीर शिखरानंतरची असेल तरच.

पैसे आणि वेळ थोडा असेल तर माझा क्रम असा: दहा पॉलिश काप, त्यातून सोने आत असलेले दोन निवडा. त्या दोन्हींच्या लगतच्या क्वार्ट्झचे जाड काप करा, म्हणजे इन्क्लुजन आणि सोने एकाच जागचे राहतील. तीन प्रावस्थांचे किमान तीन-चार गट, प्रत्येकी आठ-दहा इन्क्लुजन. प्रोबचा एक दिवस आर्सेनोपायराइट आणि कोंडलेल्या स्फॅलेराइटला. निकाल लिहिताना 'तापमान ३८० ± ५०, आर्सेनोपायराइट गाभा, पायराइट-पिरोटाइटसह, ७ बिंदू' इतके पूर्ण लिहा. टीएच वेगळ्या स्तंभात, दुरुस्ती न करता, गटवार, आणि तुम्ही मोजलेल्या २२० ते २६० च्या रांगाही त्याच तक्त्यात राहू द्या, आणि तशा ठरल्या तर 'दुय्यम, सोन्यानंतरच्या' ही नोंद करा. कोंडलेला स्फॅलेराइट मिळाला नाही तर दाबाचा रकाना आयसोकोरवरून मिळालेल्या पट्ट्यानेच भरा, एका आकड्याने नको.